मुंजीत मिळालेला चाकू कपाटातून कधी काढायचा?

पत्र: माझा मुलगा साडेनऊ वर्षांचा आहे. मे महिन्यात त्याची मुंज झाली. तेव्हा परदेशात असणाऱ्या त्याच्या मामाने त्याला लाल रंगाचा स्विस चाकू दिला. मिटलेला असताना साधारण नऊ सेंटिमीटर लांब आहे. दोन पाती, कात्री, छोटी करवत, डबा उघडायचं हत्यार, बूच काढायचा स्क्रू, सगळं त्यात आहे. मी तो कपाटात ठेवून दिला. मुलगा रोज विचारतो. सासूबाई म्हणतात, चाकू पोरांच्या हाती द्यायची वस्तू नाही. नवरा म्हणतो, देऊन टाक, आपोआप शिकेल. आम्ही मुलुंडला वन बीएचकेत राहतो, घरात चार वर्षांची धाकटी मुलगीही आहे. मला चाकू म्हणजे भाजी चिरायचा तेवढाच ठाऊक. द्यावा का? दिला तर शिकवायचा कसा?
— एक आई, मुलुंड

उत्तर:

द्या. फक्त ‘आपोआप शिकेल’ हे डोक्यातून काढा. कात्री, सुरी पोरं मोठ्यांचं बघून उचलतात. दुमडता चाकू घरात कुणी वापरतच नाही, तर बघणार कुणाचं? शिवाय घरात विळी असेल तर त्याने आजवर पाहिलंय ते नेमकं उलटं आहे. विळीचं पातं जागेवर असतं आणि भाजी हाताने पात्याकडे न्यायची असते. चाकूत वस्तू थांबते आणि पातं फिरतं. त्यामुळे कापलं जातं ते चाकू धरलेल्या हाताला कमी आणि वस्तू धरलेल्या हाताला जास्त. शिकवताना तुमचं लक्ष त्या दुसऱ्या हातावर हवं.

साडेनऊ हे वय ठीक आहे, पण वयापेक्षा स्वभाव बघा. सोलाण्याने बटाटा सोलताना तो दर वेळी बोटं मागे घेतो का? लागलं तर सांगतो, की लपवतो? लपवणाऱ्या मुलाला अजून थांबवा, कारण लपवलेली जखम चिघळते आणि लपवलेली चूक पुन्हा होते. तिसरी परीक्षा हातात चाकू आल्यावरची. तो कामात गुंग असताना सहज हाक मारा. पातं खाली टेकवून मग वर बघितलं, तर गाडी रुळावर आहे. उघड्या चाकूसकट गर्रकन वळला, तर त्या दिवसाचं काम तिथेच बंद. रागवायचं नाही, नुसता चाकू मिटायचा.

आता मामाच्या चाकूबद्दल. या घडणीच्या चाकूत मोठं पातं साधारण सात आणि छोटं चारेक सेंटिमीटरचं असतं. तुमच्या चाकूवरही ताडून बघा की पातं उघडल्यावर खटक्याने अडकतं का. बहुधा अडकत नसेल. या मापाच्या नेहमीच्या स्विस चाकूंत पात्याला कुलूप नसतं, पाठीमागची स्प्रिंग तेवढी पातं दाबून धरते. म्हणजे धारेच्या दिशेने जोर लावला तर काही होत नाही, पण पात्याच्या पाठीवर जोर आला की ते बोटांवर मिटतं. टोक खुपसून भोक पाडताना, अडकलेलं पातं हिसकून काढताना, डब्याचं झाकण उचकटताना नेमकं हेच होतं. तेव्हा खुपसायचं नाही, उचकटायचं नाही, हे दोन नियम पहिल्या मिनिटाला सांगा आणि कारणासकट सांगा. दहा वर्षांच्या पोराला स्प्रिंग कशी चालते हे समजतं. नुसतं ‘नको’ मात्र तो चार दिवसांत विसरतो.

मग कुलूपवाला चाकू वेगळा घ्यावा का? घ्यायची गरज नाही, पण कुणी विचारलंच तर: फ्रान्सच्या ओपिनेल कंपनीचा मुलांसाठीचा सात नंबरचा चाकू चांगला असतो. टोक गोल, पातं आठ सेंटिमीटर, आणि मुठीवरची लोखंडी कडी फिरवली की पातं पक्कं होतं. स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सचाही गोल टोकाचा, लहान मुलांचा चाकू मिळतो. ओपिनेलची एक अडचण मुंबईत हमखास येते. मूठ लाकडाची असते, पावसाळ्यात ती फुगते आणि पातं आत असं घट्ट बसतं की मोठ्यालाही उघडत नाही. ऑगस्टमध्ये पोरगं दाताने चाकू उघडायला लागणार. आणि घ्याल तो स्टेनलेसचाच घ्या, साध्या पोलादाच्या पात्याला आपल्या खाऱ्या दमट हवेत गंज चढायला वेळ लागत नाही. रस्त्यावर मिळणारे हुबेहूब ‘स्विस’ चाकू मात्र घेऊच नका. पातं अर्धं उघडून हलवून बघा, डावी-उजवीकडे डुगडुगलं तर ते मिटताना कुठे जाईल याचा नेम नाही. बटण दाबून उघडणारा तर मुलाचा चाकूच नव्हे.

पहिल्या दिवशी पात्याला हात लावायचा नाही. डबा उघडायचं हत्यार काढा. त्याला पात्यासारखी धार नसते, पण स्प्रिंग पात्यासारखीच असते. उघड-मीट वीस वेळा त्याच्याकडून करून घ्या. उघडताना चाकूची मूठ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरायची, पातं आत बसतं ती मुठीतली खाच वर, आणि अंगठ्याचं नख हत्यारावरच्या बारीक चंद्रकोरीसारख्या खुणेत घालून ओढायचं. नख पोचत नसेल किंवा फारच घट्ट असेल तर चाकू कोमट पाण्यात धुऊन सांध्यात तेलाचा थेंब सोडा.

खरी गोम मिटण्यात आहे. मुलं कापून घेतात ती बरेचदा काम संपल्यावर. पातं मिटताना निम्मी वाट ते हाताने ढकलावं लागतं आणि शेवटच्या टप्प्यात स्प्रिंग ते स्वतःच खेचून घेते, ‘टक्’ असा आवाज येतो. त्या क्षणी एखादं बोट मुठीतल्या खाचेवर आडवं असेल तर पातं त्याच्यावरच बसतं. मूठ मुठीत आवळून धरली की बोटांची टोकं खाचेवर येतातच, त्यामुळे मिटताना आवळायचं नाही. मूठ अंगठा आणि बोटांनी दोन बाजूंनी धरायची, खाचेच्या वर काहीही नको, आणि दुसऱ्या हाताचा तळवा पात्याच्या पाठीवर सपाट ठेवून सावकाश ढकलायचं. टक् वाजेपर्यंत नजर चाकूवर. हे डब्याच्या हत्यारावर जमलं की छोट्या पात्यावर करून घ्या. मोठं पातं पहिला महिनाभर मिटलेलंच राहू दे. करवतही.

बसण्याचा प्रश्न आपल्या घरात वेगळा येतो. परदेशी पुस्तकांत मूल ओंडक्यावर बसलेलं असतं. आपलं पोर जमिनीवर मांडी घालून बसणार आणि काम मांडीत घेणार. हे अजिबात नको. मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रक्तवाहिनी जाते आणि मांडी घातली की दोन्ही मांड्या पात्याच्या वाटेत येतात. बोट कापलं तर पट्टी लागते, मांडी खोल कापली तर धावाधाव होते. त्याला बुटक्या स्टुलावर किंवा मोढ्यावर बसवा, कोपरं गुडघ्यांवर टेकवायची आणि काम गुडघ्यांच्या पुढे, हवेत. किंवा सरळ जेवणाच्या टेबलाशी, चिरायच्या पाटावर.

सुरू करण्याआधी मिटलेला चाकू हातात धरून हात लांब करायचा आणि जागच्या जागी गोल फिरायचं. हात कुणाला लागतो का, हे बघायचं. वन बीएचकेत कुणीतरी लागणारच, म्हणून भिंतीला पाठ लावून कोपऱ्यात बसवा, म्हणजे निम्मं वर्तुळ भिंतीनेच अडवलं. धाकटी जागी असेल तेव्हा चाकू बाहेर काढायचा नाही. ती दुपारी झोपते ती वेळ चाकूची. वीस मिनिटं पुरेत, त्यानंतर बोटं दमतात आणि चुका तिथेच होतात.

सासूबाईंनाही यात घ्या. धारेची वस्तू हातातून हातात देऊ नये, भांडण होतं, असं जुनी माणसं म्हणतात. भांडणाचं राहू द्या, पण पद्धत शंभर टक्के बरोबर आहे. चाकू द्यायचा असेल तर मिटायचा, खाली ठेवायचा, आणि दुसऱ्याने उचलायचा. आजीने हा नियम सांगितला तर तो तुमच्यापेक्षा तिचं जास्त ऐकेल.

कापायला पहिल्यांदा द्यायचा तो साबण. पाकिटातून नुकताच काढलेला अंगाचा साबण घ्या. महिनाभर पडून सुकलेल्या वडीचे पापुद्रे सुटतात आणि पातं अचानक निसटतं. हात कोरडे हवेत. साबणावर त्याला एकच हालचाल शिकवायची. डाव्या हाताने साबण धरायचा, उजव्या हातात चाकू, आणि डाव्याच हाताच्या अंगठ्याने पात्याची पाठ पुढे ढकलायची. उजवा हात फक्त कोन सांभाळतो. पातं प्रत्येक वेळी एक-दीड सेंटिमीटरच सरकतं, कारण अंगठा त्याच्या पुढे पोचूच शकत नाही. या पद्धतीत पातं सुटून लांब जाण्याचा धोका सर्वात कमी. मुलगा डावखुरा असेल तर सगळं उलट करा. नख घालायची खाच उजव्या हाताच्या सोयीची असते, म्हणून उघडताना त्याला थोडं जड जाईल.

साबणानंतर पेन्सिल. शार्पनर बाजूला ठेवून चाकूने टोक करायला सांगा. आपल्याकडच्या पेन्सिलींचं बरंचसं लाकूड काश्मीरमध्ये पुलवामाकडच्या पॉप्लरचं असतं, मऊ आणि सरळ रेषांचं, शिकायला उत्तम. टोकापासून दोन सेंटिमीटरवर सुरुवात करायची, पातं जवळजवळ आडवं ठेवायचं, पातळ ढलपी काढायची, पेन्सिल जराशी फिरवायची, पुन्हा ढलपी. पोरं हमखास चाकू उभा धरतात. मग पातं खोल रुततं, जोर वाढतो, आणि शिसं मोडतं. मोडलेलं शिसं म्हणजे कोन चुकल्याची पावती, तुम्हाला काही बोलावंच लागत नाही. ढलपी कागदासारखी पातळ निघून वळायला लागली की हात बसला म्हणायचं. पाच-सहा पेन्सिलींत हे जमतं.

मग खरं लाकूड. मुंबईत लाकूड आणायचं कुठून हा प्रश्न रास्त आहे. झाडाची फांदी तोडायची नाही, शहरातली झाडं 1975 च्या कायद्याने संरक्षित आहेत आणि नॅशनल पार्कातून तर काडीही उचलायची नाही. पण पावसात सोसायटीच्या आवारात फांद्या पडतात, पावसाळ्याआधी महापालिका छाटणी करते तेव्हाही ढीग पडलेला असतो. वॉचमनला सांगून अंगठ्याएवढ्या जाडीच्या, फुटभर लांब, गाठी नसलेल्या दोन-तीन काड्या मागून घ्या. ओली काडी सुक्यापेक्षा कितीतरी सोपी कापली जाते, म्हणून दोन-चार दिवसांत वापरा, तोवर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. पांगारा मिळाला तर सोनं. सावंतवाडीची लाकडी खेळणी पूर्वापार त्याचीच करत आले, इतकं ते मऊ. काटे मात्र आधी तुम्ही काढून द्या. भेंडही चालेल.

कुठलं लाकूड नको, हे जास्त महत्त्वाचं. कण्हेर, लाल असो की पिवळी, अजिबात नको, तिचा प्रत्येक भाग विषारी आहे, आणि सोसायटीच्या कुंपणाला हीच असते. चाफा, रुई, शेर यांचा पांढरा चीक हाताला लागतो आणि त्याच हाताने डोळे चोळले की दवाखाना. आंब्याच्या चिकानेही काहींची कातडी भाजते. झाड ओळखता आलं नाही तर ती काडी सोडून द्या.

काडीवर दुसरी हालचाल शिकवा. अंगापासून दूर, काडीच्या टोकाकडे, लांब सरळ. काडी धरणारा हात नेहमी पात्याच्या मागे. डाव्या हातात मुलाच्या मापाचा कापरोधी हातमोजा घातलात तर चांगलंच, पण मोठा सैल मोजा त्याहून वाईट, काडी हातात फिरते. आणि मोजा धारेपासून वाचवतो, टोकापासून नाही. स्वतःकडे ओढत कापणं, आपण सफरचंद सोलतो तसं, हे सहा महिन्यांनंतर.

चाकू बोथट असेल तर यातलं काहीच जमणार नाही. ‘लहान आहे, बोथटच बरा’ असं वाटतं, पण बोथट पात्याला जोर लागतो आणि जोर लावलेलं पातं सुटलं की थांबत नाही. धार तपासायला वर्तमानपत्राचा कागद उभा धरून कापा, फाटायला लागला तर धार गेली. सायकलवर धार लावणाऱ्याकडे हा चाकू देऊ नका. त्याच्या कोरड्या चाकावर पातळ पातं तापतं, निळं पडतं आणि तिथलं पोलाद मऊ होतं. हजार नंबरचा पाण्याचा दगड घ्या, दहा मिनिटं भिजवा, आणि पात्याची पाठ दगडापासून चारेक मिलिमीटर वर धरा. एक रुपयाची तीन नाणी एकावर एक ठेवली की साधारण तेवढी उंची येते, कोनाचा अंदाज घ्यायला तेवढं पुरे. दोन्ही बाजूंनी सारखेच दहा-दहा हात, हलक्या दाबाने. पहिले काही महिने हे काम तुमचं, त्याने शेजारी बसून पाणी घालायचं.

कैरी, लिंबू, पेरू कापला की चाकू लगेच धुवा, आंबट रस सांध्यात गेला की पातं चिकटतं. सगळी हत्यारं उघडून कोमट साबणाच्या पाण्यात, मग पुसून पंख्याखाली पूर्ण वाळवून सांध्यात एक थेंब लिक्विड पॅराफिन. औषधाच्या दुकानात मिळतं. खोबरेल नको, ते थंडीत थिजतं आणि कालांतराने खवट, चिकट होतं.

कापलंच, तर? एखादी बारीक चीर पडणार, हे धरूनच चला. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, स्वच्छ कापडाने दाबा, आणि घड्याळ लावून दहा मिनिटं दाबूनच ठेवा. मध्ये उघडून बघितलं की धरलेली गाठ सुटते. हळद, कॉफीची पूड, टूथपेस्ट काहीही भरू नका, डॉक्टरला नंतर ते सगळं खरवडून काढावं लागतं. दहा मिनिटांनी रक्त थांबलं नाही, जखमेची तोंडं उघडी राहिली, बोट वाकत नाही किंवा टोक बधिर लागतंय, असं काही झालं तर लगेच डॉक्टर. शेवटच्या दोन्हींत स्नायूबंध किंवा नस कापलेली असू शकते आणि बाहेरून जखम मात्र छोटी दिसते. मांडी खोल कापली तर दोन्ही हातांनी जोरात दाबून धरा आणि दुसऱ्याला 108 लावायला सांगा. धनुर्वाताचं बघा: पाच-सहा वर्षांचा बूस्टर झालाय ना, आणि दहाव्या वर्षीचं टीडीचं इंजेक्शन आता जवळ आलंय, ते चुकवू नका.

चाकू राहणार तुमच्या कपाटाच्या लॉकरमध्ये, चावी तुमच्याकडे. तो मागणार, तुम्ही देणार, मिटून परत ठेवणार. बाहेर न्यायचा नाही. शस्त्र कायद्याच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाती येतात, हे पातं त्यात बसत नाही. पण मुंबईत पोलीस आयुक्त वेळोवेळी महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या 37 व्या कलमाखाली मनाईहुकूम काढतात आणि त्यात सार्वजनिक जागी चाकू बाळगायला बंदी असते. शिवाय मेट्रो, मॉल, विमानतळ, सगळीकडे बॅग तपासतात. शाळेच्या दप्तरात तर चुकूनही नको, तेव्हा रविवारी चाकू बाहेर निघाला असेल तर सोमवारचं दप्तर तुम्ही स्वतः बघा. इमारतीतल्या मित्रांना दाखवायला खाली नेणंही नाही. ‘दाखव ना, दे ना जरा’ यातून जे होतं त्याची जबाबदारी साडेनऊ वर्षांच्या पोरावर टाकू नये. ट्रेकला जाल तेव्हा चाकू मोठ्यांच्या सॅकमध्ये.

आता शिकून करायचं काय? पार्सलच्या खोक्याची चिकटपट्टी कापायला दिलीत तर तो खूश होईल, तिथे पात्याचं शेवटचं सेंटिमीटरभरच वापरायचं आणि धरलेला हात पात्याच्या मागे. पण आम्हाला विचाराल तर दिवाळीचा आकाशकंदील धरा. जुलैत सुरुवात केलीत तर ऑक्टोबरपर्यंत हात तयार होतो. बांबू चिरायला त्याला देऊ नका, चिरलेल्या बांबूची कड पात्याइतकी कापते आणि कूस बोटात शिरली की निघता निघत नाही. तयार कामट्या आणा, पॉलिश पेपरने कडा घासून घ्या, आणि चाकूतल्या करवतीने तुम्ही त्या तीस सेंटिमीटरला कापून द्या. त्याचं काम दोरा बसवायच्या खाचा. बांबूचं हिरवं, चकचकीत अंग कठीण असतं, त्यावर पातं घसरतं आणि बोथटही होतं, म्हणून खाच आतल्या मऊ बाजूने. कामटी पाटावर ठेवायची, पातं आडवं टेकवून जागच्या जागी पुढे-मागे डोलवायचं म्हणजे एक सरळ चीर पडते. मग चार मिलिमीटर अलीकडून, त्याच अंगठ्याच्या दाबाने, तिरपं पातं त्या चिरेपर्यंत न्यायचं. चिरेपाशी पोचलं की ढलपी सुटून पडते आणि पातं तिथेच थांबतं. खाच कामटीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको, नाहीतर वाकवताना तिथेच मोडेल. पाच-सहा कामट्या जास्तीच्या घ्या, पहिल्या मोडणारच. आणि त्या नवरात्रातच आणून ठेवा. दिवाळीच्या आठवड्यात माहीमच्या कंदील गल्लीत तयार कंदील ढिगाने मिळतील, पण चांगल्या सरळ कामट्यांसाठी वणवण होते.